कोतवालाची घोडी

"कोतवालकीची पाळी घराची असती वैनी, माणसाची न्हाई. हॉबच्या दारावरनं ती तशीच पुढं सरकली तर उद्या समदीच नको म्हंतील."

"हॉब मातीत गेला की रं, गॉडफ्री. त्येच्या जागी म्या बाईनं कोतवाल व्हायचं?"

"घर उभं हाय न्हवं?"

गॉडफ्री लोहाराचं तोंड असंच. आमच्या थॉर्पवेलमध्ये कोतवालकी घरोघर फिरायची, त्या साली ती पर्नेल हॉबकडं आली. घरात उतरलेल्या शिपायांच्या तापानं तिचा नवरा नेला. मागं दोन पोरी, जवाच्या शेताची एक पट्टी आणि करडी घोडी. घोडी गेली तर पेरणी गेली, पेरणी गेली तर पोरी भिकेला.

एरवी कोतवालानं दारुडे आवरावेत, मोकाट डुकरं कोंडावीत. पण राजा आणि पार्लमेंट एकमेकांच्या उरावर बसले आणि कोतवालाला दोन धनी झाले. किल्ल्यातनं राजाची माणसं लढाईसाठी कोतवालाकडं गावची सगळी घोडी मागायची, शहरातनं पार्लमेंटची माणसं तीच मागायची. एकाला दिली की दुसरा तुरुंग दाखवायचा. म्हणून गावानं आपली सगळी घोडी रानात लपवली. तिथं ती हाडकली. पेरा तर तोंडावर आलेला.

पर्नेलनं तोड काढली. "राजाची माणसं नदीपल्याड अडकल्यात. आन पार्लमेंटवाल्यांच्यात ऐतवारी चेंडू खेळला तरी पाप. त्या दिशी ती काय येत न्हाईत. ऐतवारी समदी घोडी कुरणात सोडा, पोटभर चरू द्या."

"दोन-दोन तास प्रवचन ऐकत्यात म्हनं," गॉडफ्री म्हणाला. "त्यापरीस लढाई बरी."

लोक हसले. त्या साली हसले ते तेवढंच.

ऐतवारी आम्ही चर्चमधनं बाहेर पडतो तर कुरणात पार्लमेंटचे घोडेस्वार. त्यांनी टोप्या काढून स्तोत्र म्हटलं, पुस्तक मिटलं आणि आमच्या घोड्यांना दोर लावले.

पर्नेल कप्तानापुढं गेली. "दादा, आज ऐतवार हाय."

"म्हणूनच आलो, बाई. देवाच्या कामाला हाच दिवस चांगला." माणूस मऊ बोलायचा. "इथला कोतवाल कोण?"

"मीच."

"मग तुमची घोडी नेत नाही आम्ही. आमचं सामान ओढून देणं कोतवालाचं काम, त्याला ती पुढंमागं लागेल. कुठली तुमची?"

अख्खं गाव बघत होतं. पर्नेलनं पोरींकडं पाहिलं, मग बोट केलं. "करडी."

बाकीची घोडी धूळ उडवीत शहराच्या वाटेला लागली. गॉडफ्री जवळ आला.

"ऐतवारी सोडा म्हनून तूच सांगितलंस, वैनी. आन तुझीच तेवढी ऱ्हायली."

"मला ठाव नव्हतं."

"नसंल."

त्याच्या तोंडातलं वैनी हे त्यानंतर गावात कुणी ऐकलं नाही. तिनं भाजलेला पाव कुणी घेईना, विहिरीवर बाया तिची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहत. तिनं दोन घरी आपली करडी नांगराला देऊ केली. दारं उघडली नाहीत.

आमच्या शेतांना बांध नाहीत, पट्टीला पट्टी लागून. आठवड्याभरानं, पेरणीच्या दिवशी उजाडताच माणसं कुदळी घेऊन आपापली पट्टी खणत होती, बायका ढेकळं फोडत होत्या. मधल्या पट्टीत पर्नेलनं करडीला नांगराला जुंपलं. एकट्या घोडीला नांगर ओढवत नव्हता, दर चार पावलांवर ती थांबायची. पोरी पुढनं लगाम ओढत होत्या. शेजारच्या पट्टीत गॉडफ्री खणत होता. त्यानं मान वर केली नाही. पर्नेलनं नांगर पुन्हा दाबला.