नणंदबाईंच्या हातची छाटणी

तापीकाठच्या आमच्या द्राक्षमळ्याला गावानं पहिल्यापासून वेड्यात काढलं होतं. कापूस-ज्वारीच्या मुलखात माझ्या आजेसासऱ्यांनी नाशिककडून ओल्या गोणपाटात वेलाच्या काड्या आणल्या, तेव्हा लोक म्हणाले, "आमना ऊनमा वेलवरच मनुका व्हतीन!" नाही झाल्या. मी नवी नवरी म्हणून मळा पाहिला तेव्हा पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या त्या वेलांची खोडं माझ्या मांडीएवढी जाड झाली होती. पदर सावरायचं विसरून मी आपली बघतच राहिले.

घरचा नेम कडक. पावसाळा सरला की छाटणी घरच्या पुरुषानंच करायची. सुनेनं नाही, आणि लेकीनं तर नाहीच, ती परक्या घरची. मला काही हे पटलं नव्हतं, पण नव्या सुनेला विचारतो कोण!

आजेसासऱ्यांच्या मागे छाटणीचा विळा सासऱ्यांकडे आला. एका वर्षी ऐन छाटणीच्या तोंडावर सासरे गेले. घराला दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात विळ्याला हात लावायचा नाही. इकडे वेलांच्या शेंड्यांवर कोंबांचे डोळे फुगायला लागलेले. छाटणी चुकली की सगळा जोर पाल्यात जातो, वर्षभर एक घड दिसत नाही. आमचे हे बांधापर्यंत जायचे, वेलांकडे बघायचे आणि न जेवता पडून राहायचे. "बापना मळा मन्हा हातमा मरी जाई," एवढंच म्हणायचे.

यांची थोरली बहीण, माझ्या नणंदबाई, ब्राह्मणपुरीला दिलेल्या. बापाच्या मरणाला आल्या होत्या. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली आणि सरळ खुंटीवरचा विळा काढला. चुलतसासरे ओरडले, "अवं, तू परकी शे!"

"परकी शे म्हनीसनच ते सुतक फिटनं! तुम्हना हात बांधेल शेतस, मन्हा मोकळा शे."

मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास बाई!

विळा त्यांच्या हातात कधी कुणी दिला नव्हता. पण लहानपणी बापाला भाकर द्यायला जाऊन सगळं डोळ्यांनी शिकलेल्या. काडी चाचपायची, खालचे डोळे राखायचे, सपकन घाव. बाप गेला तेव्हा न रडलेली ती बाई वेलांत हमसून हमसून रडत होती, पण हात थांबला नाही.

छाटणी संपली तेव्हा मळ्यात नुसत्या काड्या. पण घरचं सुतक फिटलं त्या सुमाराला डोळे फुटले, आणि त्या कोवळ्या कोंबांत मोहरीच्या दाण्यांसारखे इवले घडसुद्धा! अंगावर काटा आला हो माझ्या. मी हात जोडले, ते वेलांना की नणंदबाईंना, मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी घरात सुतक नव्हतं. छाटणी आता यांचीच. चुलतसासरे सकाळपासून घाई करत होते, हे मात्र विळा मांडीवर घेऊन बांधावर बसलेले.

"ब्राह्मणपुरीले गाडी धाडा," हे म्हणाले. "आक्का येत नही तवलोंग मी वेलले हात लावाव नही."