आबांनी मिशी काढली तो दिवस
सलूनमध्ये तुरटीचा वास आला की मला शाहूपुरीतलं ते दोन खुर्च्यांचं दुकान आठवतं. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठात मला प्रवेश मिळाला होता आणि तिथला नियम होता की पांढरं धोतर नेसायचं, दाढी-मिशी ठेवायची नाही. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं म्हणून वडील, म्हणजे आमचे आबा, मला घेऊन न्हाव्याकडे आले. माझ्या ओठावर साबण लागला आणि आबा एकदम म्हणाले, "थांबा पावणं. बाप मेल्यावर मिशी काढत्यात. मी जिता हाय की अजून." वस्तरा हवेतच थांबला. मी म्हणालो, "मग जाऊया परत आबा. न्हाय शिकत." ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणीच गेलं नव्हतं. मग शेजारच्या खुर्चीत बसत ते म्हणाले, "आधी माझी उतरवा. लोकं मला इचारू देत, पोराला नको." जन्मभर जपलेली पिळदार मिशी दोन मिनिटांत गेली. बाहेर उन्हात आम्ही एकमेकांकडे बघून पोट धरून हसलो. त्यांच्या रापलेल्या चेहऱ्यावर तेवढीच जागा लहान मुलासारखी कोवळी दिसत होती. गावात म्हणे लोकांनी विचारलं, "कोण गेलं?" तर ते म्हणाले, "पोरगं शिकाय गेलं." पुढं त्यांनी मिशी पुन्हा वाढवली. आता ते जाऊन चार वर्षं झाली. घरातल्या सगळ्या फोटोंत ते मिशीवालेच आहेत, आणि मला उन्हात हसणारा तो दुसरा चेहरा पुन्हा एकदा बघायचा आहे.