मागायच्या आधी

नगरच्या छापखान्यात मी पत्रकाची प्रुफं तपासत बसलो होतो. 'पाणी कुणाच्या बापाचं?' असा मथळा होता आणि तो अजून मोठ्या टायपात हवा म्हणून माझं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी भांडण चाललं होतं. तेवढ्यात योहान दारात येऊन उभा राहिला. योहान आमच्या वस्तीतला, मार्थामावशीचा शेजारी. नेवाशाहून सकाळच्या एसटीनं आला होता. मला वाटलं, पत्रकं न्यायला आलाय. तो कोपऱ्यातल्या माठाकडं गेला, पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. "आधी पाणी पी," म्हणाला. पेला हातात घेतला आणि मला कळलं. ही रीत योहानची नव्हती. समोरच्याला मागायला लावायचं नाही, त्याचं तोंड उघडायच्या आत आपलं उघडायचं, वाईट सांगायचं असेल तर आधी पाणी द्यायचं, ही मावशीची रीत. ती योहानला वापरावी लागतेय म्हणजे...

त्याला आता महिना होत आला. दफनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी सांगितलं की मार्थाबाई गोड बोलायच्या, हात सढळ ठेवायच्या, खऱ्या ख्रिस्ती स्त्रीचा नमुना होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मला तिथंच उभं राहून विचारावंसं वाटत होतं, की गोड बोलणारी बाई ओढ्याचं गढूळ पाणी पिऊन का मेली, हे कोण सांगणार? तेव्हा योहाननं माझा हात धरून ठेवला. आता इथं कुणी हात धरणार नाही, म्हणून लिहितोय.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तरुणपणी ती बायबलबाई होती. मिशननं दिलेल्या दोन पातळांत सोनईपासून नेवाशापर्यंतची गावं पायी हिंडायची, बायकांना अक्षरं शिकवायची, गाणी म्हणायची, तान्ह्यांच्या डोळ्यांत औषध घालायची. तिचा नवरा, आमचे शांतवनकाका, विहिरी खोदणारे. आमच्या गावच्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या, आणि त्यातल्या एकीवरही त्यांना पोहरा सोडायची मुभा नव्हती. पाणी लागलं की नारळ फुटायचा, खोदणाऱ्याला वरून ओंजळीत पाणी मिळायचं, संपलं. आजोबांच्या वेळी आमच्या लोकांनी देव बदलला, विहीर मात्र बदलली नाही. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर बाकीच्या गावांना सुटल्यासारखं वाटेल. शेवटी काकांनी स्वतःच्या परड्यात, ओढ्याच्या कडेला, एक अरुंद आड खोदला. दगडी बांधकामाला पैसे नव्हते, म्हणून बाजू मातीच्याच राहिल्या. पण पाणी गोड लागलं. वस्तीची तहान त्या आडावर भागू लागली. काका गेले आणि आड, दोर आणि एका बाजूनं चेपलेला पत्र्याचा पोहरा मावशीकडं राहिला.

शिंगणापूरला जाणारी वाट तिच्या कुंपणाशेजारून जाते. शनिवारी तेल वाहायला निघालेली माणसं उन्हात तिथं घोटाळायची. पाणी मागावं तर वस्ती कुणाची आहे ते दिसतंय, न मागावं तर घसा सुकलाय. मावशी आतून हाक द्यायची, "या पाव्हणं, सावलीला बसा, दम घ्या." तांब्या आधीच बाहेर आलेला असायचा. बहुतेक जण प्यायचे. एखादा मान फिरवून पुढं जायचा, तर त्याच्याही पाठीवर हिची हाक जायची, की पुढं ओढ्याला वळण आहे तिथं निसरडं आहे, जपून जा. मी लहानपणापासून चिडायचो. म्हणायचो, तुला अपमान कळत नाही. ती म्हणायची, "कळतो की. पर तो त्यांचा हाय. मी कशाला घरात घेऊ?"

ती गोड बोलायची म्हणजे गप्प बसायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला दुष्काळी कामावर बघितलेलं नाही. बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली आणि वस्तीतल्या बायकांबरोबर तीही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसू लागली. तिथला मुकादम तोंडाचा फाटका. एक दिवस पोटुशी असलेल्या एका पोरीचे हात थांबले म्हणून त्यानं तिच्या आईबापापासून शिव्यांना सुरुवात केली. मी तेव्हा चळवळीत पडलो होतो; आम्ही संघटनेची पोरं घोषणा द्यायच्या तयारीत होतो. मावशी हातोडी ठेवून उठली, आपली पाण्याची किटली घेऊन त्याच्यापुढं गेली आणि म्हणाली, "दादा, लई बोललात, घसा सुकला असल. हे प्या. मंग तेच परत म्हना, आमी ऐकतो." त्यानं पाणी घेतलं. सगळं काम थांबलं होतं, बायका बघत होत्या. पिऊन झाल्यावर तो किटली तिच्या हातात देऊन पलीकडच्या टोळीकडं निघून गेला. त्या पोरीला पुन्हा बोलला नाही. आमच्या घोषणा घशातच राहिल्या... आणि खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. मुकादमावर तक्रार व्हायला हवी होती. ती राहिलीच.

मग गावविहीर आटली. एकेक करून मळ्यांतल्या विहिरी आटल्या. ओढ्याच्या पोटात कुठला झरा होता कोण जाणे, काकांच्या आडात पाणी राहिलं. ज्या गावानं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या कठड्याखाली उभं करून वरून पाणी ओतलं, ते घागरी घेऊन आमच्या वस्तीत यायला लागलं. सगळ्यांत आधी आली पाटलीण. पाटलाची म्हातारी आई, गावात तिच्या शब्दावर बाया उठतात-बसतात. येताना तिनं स्वतःचा दोर आणि स्वतःची बादली आणली होती. आमचा पोहरा नको, पण आमच्या आडातलं पाणी चालतं.

मी आडापुढं उभा राहिलो. म्हणालो, पाणी मिळेल, पण आधी सगळ्यांसमोर सांगा, पाऊस झाल्यावर गावविहीर आम्हाला उघडी राहील. तेवढं एक वाक्य. म्हातारी उन्हात उभी राहिली, ओठ फुटलेले. मग बादली उचलून मागं फिरली. तेवढ्यात मावशी घरातून आली. "दान्या, बाजूला हो," म्हणाली. दानिएलचं दान्या ती फक्त रागावल्यावर करायची. आणि म्हातारीला म्हणाली, "पाटलीणबाई, बसा. दम घ्या. घागर आना हिकडं." मला त्या 'पाटलीणबाई'ची अशी चीड आली की मी दिवसभर तिच्या घरात पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळी आमचं भांडण झालं. वस्तीच्या बायकाही माझ्या बाजूनं होत्या, कारण आडातलं पाणी रोज खाली जात होतं. सोनाबाई तर म्हणाली, "मावशे, तुझ्या येशूनं पान्याचा द्राक्षारस केला, आता कोरड्या आडाचं पानी करून दाव म्हनावं." सगळ्या हसल्या, मावशीही हसली. मग मला म्हणाली, "तहानलेल्याच्या तोंडातनं काढलेला शबुद त्याचा नसतोय. तो तहानेचा असतोय. तहान भागली का तोबी गेला."

"मग कधी घ्यायचा शब्द? पोट भरल्यावर कोण देतं?"

"ते तू बघ. तुजं काम ते. माजं काम पानी."

तिनं स्वतःची आंघोळ बंद केली, भांडी राखेनं घासली, आपली घागर अर्ध्यावर आणली. रोज चूल पेटवायच्या आधी चर्चच्या मंडळीसाठी मूठभर पीठ बाजूला काढायची सवय होती, तीही मोडली नाही. मूठ लहान झाली एवढंच. आणि पाटलीण रोज येत राहिली. पाणी इतकं खाली गेलं की एक दिवस तिचा दोर पुरेना. बादली अधांतरी लोंबत राहिली. म्हातारी आमच्या दोराकडं बघते, नजर काढून घेते, पुन्हा बघते. मी बघत होतो. आता मागेल, आता तरी मागावं लागेल. पण मावशीनं तिला तेवढंही करू दिलं नाही. "पाटलीणबाई, आमचा दोर लांब हाय, हा घ्या," म्हणून दोर-पोहरा तिच्या हातात दिला. म्हातारीनं आजूबाजूला बघितलं, पुटपुटली, "हितं कोन बगतंय," आणि आमच्या पोहऱ्यानं पाणी काढलं, पुढं पाऊस पडेपर्यंत रोजच. वस्तीत आनंद झाला. मला नाही झाला. कुणी बघत नसताना मोडलेली शिवाशिव मी मोडलेली मानत नाही. आजही मानत नाही.

यंदा पाऊस झाला. उन्हात तडकलेल्या मातीच्या बाजू पाण्यानं सुटल्या आणि काकांचा आड एका दुपारी आत ढासळला. गावविहीर मात्र काठोकाठ. मी गावी गेलो तेव्हा मावशी दारात बसली होती, पोहरा कोरडा होऊन खुंटीला लटकलेला. मी म्हणालो, चल, गावविहिरीवर जाऊ. आता कायदा आहे, फौजदाराला सांगतो, चळवळीची पोरं आणतो. ती नको म्हणाली. पोलिसाच्या धाकानं भरलेली घागर तिच्या घशाखाली उतरायची नव्हती. आणि वस्तीतल्या बायकांबरोबर कठड्याखाली जाऊन 'वाढा बाई' म्हणायलाही ती तयार नव्हती. "वरीसभर दिलं. त्यांला ठावं हाय आड पडला. पाटलीणबाई बोलावतील," म्हणाली. "बोलावतील बग." तोवर ती ओढ्याचं पाणी फडक्यातनं गाळून पीत होती. मी वाद घालून घालून थकलो आणि पत्रक छापायला नगरला निघून आलो.

कुणी बोलावलं नाही. ओढ्याच्या पाण्यानं तिला जुलाब लागले. योहान बैलगाडीतून नेवाशाच्या दवाखान्यात घेऊन निघाला, पण ती वाटेतच संपली. जिनं कधी कुणाला मागायला लावलं नाही, तिला मागताच आलं नाही, आणि तिच्यासाठी आधी तोंड उघडावं असं गावात एकालाही वाटलं नाही. पाटलीण दफनाला आली होती. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर उभी राहून रडत होती. आत आली नाही. ते रडणं खरं होतं याची मला खात्री आहे, म्हणूनच ते मला सहन होत नाही.

चळवळीची मंडळी आठवड्याभरानं यायची होती. मला तेवढा धीर निघेना. रविवारी उपासनेच्या वेळेला मी खुंटीवरचा पोहरा काढला आणि सोनाबाईला बरोबर घेऊन गावविहिरीवर गेलो. भर सकाळ, विहिरीवर बायांची गर्दी, पाटलीण आणि तिची सून पुढंच. पिशवीत पत्रकं होती. कुणी शिवी दिली तर त्याला चार पानी उत्तर माझ्याकडं तयार होतं.

म्हातारीनं पोहरा बघितला. "मार्थेचा न्हवं ह्यो?" म्हणाली. मग आपली बादली घेऊन पुढं आली आणि हात पुढं केला. "ठेव घागर खाली. मी वतते. दमला असशील पोरा." आवाजात माया होती, खोटी नव्हती. शिवीला उत्तर होतं, याला नव्हतं. घागर खाली ठेवायची, चार पावलं मागं सरायचं, वरून धार घ्यायची... तेच सगळं, मायेच्या शब्दांत. मी पत्रकातलं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, आणि बोललो ते भलतंच.

"आजी, तुम्ही बसा. दम घ्या. या वयात कशाला ओढता? मी काढतो. तुमची घागर आधी भरतो."

आमच्यातल्या कुणी तिला आजी म्हटलेलं तिनं ऐकलं नसावं. ती सरकेपर्यंत मी कठड्यावर चढून पोहरा सोडला होता. तो पाण्यावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोघी-तिघी रिकाम्या घागरी उचलून चालू लागल्या. मागून कुणीतरी थुंकलं. मी पोहरा ओढला, म्हातारीची घागर शिगोशीग भरली आणि तिच्या पायाशी ठेवली. सून पुढं झाली. "आत्याबाई, ओतून द्या ते."

म्हातारी घागरीकडं बघत उभी राहिली. आता इथं सगळे बघत होते.

"गप," ती सुनेला म्हणाली. "उन्हाळाभर ह्याच पोहऱ्याचं पानी पिलीस. तवा कुटं बाटलीस?" आणि घागर कडेवर घेऊन गेली.

मग सोनाबाईनं पाणी काढलं. स्वतःच्या हातानं.

एवढ्यानं विहीर उघडली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी कठड्यावर शेण फासलेलं होतं. पाटलाचा धाकटा मुलगा मला नेवाशाच्या स्टँडवर गाठून बरंच काही बोलला. पाटलीण त्यानंतर विहिरीवर आलेली नाही. आजारी आहे म्हणतात, की येऊ देत नाहीत, कळत नाही. मावशीचं वागणं बरोबर होतं का, तेही मला अजून कळलेलं नाही. तिच्या जिभेनं ती घागर भरली आणि तिच्याच जिभेनं, मागायचं नाही म्हणून, तिचा जीव घेतला. मी दोन्ही बाजूंनी रोज भांडतो आणि समोर कुणी नसतं.

पोहरा मी घरी आणला नाही. गावविहिरीच्या खांबालाच दोरासकट अडकवून ठेवलाय. कुणीतरी फेकून देईल या भीतीनं योहानला रोज सकाळी बघायला पाठवतो. आज तो येऊन सांगून गेला, पोहरा तिथंच आहे. आपल्यातलं कुणी अजून विहिरीवर गेलेलं नव्हतं. पण दोर ओला होता.