एसेनकुल आकेंची अमर वेप

एसेनकुलना सगळं गाव वडीलधारे म्हणून आके म्हणे, आणि या आकेंना वस्तू फेकून देणारा माणूस डोळ्यांसमोर नको असे. तळ्याकाठच्या बालिकची गावातल्या गोदीत त्यांनी तीस वर्षं रेडिओ सांभाळले. गोदी बंद पडली, रेडिओ गेले, पण आकेंचे हात काही स्वस्थ बसेनात. शेजारणीचं शिलाई मशीन, कुणाच्या आजोबांचं कानातलं यंत्र, काहीही आणा. "ठेवून जा, गुरुवारी ये," एवढंच म्हणायचे. गुरुवारी वस्तू चालायला लागलेली असायची. गावात म्हणत, आकेंकडून परत आलेली वस्तू मालकाला कबरीपर्यंत पोचवूनच थांबते.

मग वेप आली. फळांच्या चवीची वाफ ओढायची नळी, ओढून संपली की कचऱ्यात. आकेंना ओढण्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण कचऱ्यात म्हटल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी एक नळी उघडली. आत पाहतात तर अस्सल बॅटरी, शेकडो वेळा चार्ज करता येईल अशी!

"एकदा वापरून टाकतात हे लोक!" ते बायकोवर ओरडले, जणू बुरुलनंच टाकली होती. "चांगल्या घोडीवर एकदा बसून तिला कुणी सोडून देतं का?"

"मला काय विचारता? मी लग्नात एकदाच तुमच्या घोडीवर बसले, ती अजून उतरले नाहीये."

आकेंनी नळीला चार्जिंगचं तोंड बसवलं, जळका कापूस काढून नवा भरला, तार बदलली आणि डाख असा दिला की वरून ट्रक गेला तरी सुटू नये. त्यातच सरकारनं वेपच्या विक्रीवर बंदी घातली. लोकांची तब्येत सुधारावी, हा हेतू. झालं असं की जुन्या नळ्या घेऊन आकेंच्या दारात रांग लागली.

आता वडीलधाऱ्यांसमोर कुणी ओढत नाही, ओढतो असं कबूलही करत नाही. त्यामुळे येणारी प्रत्येक वेप मित्राची असायची. बालिकचीत ओढणारा एकही माणूस नव्हता, पण प्रत्येकाला एक वाया गेलेला मित्र मात्र होता. शाळेच्या मुख्याध्यापकांना तर तीन होते. शेजारचा टॅक्सीवाला तोकोन अधूनमधून एक निळी नळी आणायचा. बिश्केकच्या मित्राची, म्हणे. आके तिच्यावर जरा जास्तच मेहनत घ्यायचे. एवढ्या लांबून विश्वासानं पाठवतो बिचारा.

ती नळी तिसऱ्यांदा दुरुस्त झाली त्या सकाळी सून, कुंदुझ, चहा घेऊन पडवीत आली. ती सासऱ्यांशी कधी मान वर करून बोलत नसे. आजही मान खालीच होती, पण ती गेली नाही.

"आके, तुमच्या हातचं काम किती वर्षं टिकतं?"

आके खूश झाले. "तुझी नातवंडं वापरतील!"

कुंदुझ मटकन खाली बसली. "मग मेलेच मी."

"अगं, झालं काय?"

"ही निळी नळी तुमच्या मुलाची आहे. बिश्केकला कुणी मित्रबित्र नाही. त्यानं नानवर, घरच्या अन्नावर हात ठेवून मला शब्द दिलाय, ही शेवटची, ही मेली की दुसरी हातात धरणार नाही, धरली तर नान मला बाधो. तीनदा मेली, आके. तीनदा तुम्ही उठवलीत. मी म्हटलं, शपथ पाळ. तर म्हणतो, दुरुस्त होते म्हणजे ती मेलीच नाही. सरपणाच्या दोन खेपा केल्या की भिंत धरून उभा राहतो. बत्तीस वर्षांचा माणूस."

डाख देताना उठणाऱ्या राळेच्या धुरानं आकेंचं नाक कधीच गेलं होतं. पण ऐन जानेवारीत न्हाणीघरामागे कलिंगडाचा वास कसा येतो, असं बुरुलनं दोनदा विचारलं होतं. त्यांनी तिलाच वेड्यात काढलं होतं.

सून गेल्यावर ते नळीकडे बघत बसले. डाख सुंदर बसला होता. असा डाख आता बालिकचीत दुसरं कुणी देत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि कौतुकही वाटत होतं, या क्षणीसुद्धा. मग त्यांनी पक्कड घेतली, तारा तोडल्या, आतली सर्किटची पट्टी चुरून टाकली. त्यांना रडू आलं. मुलासाठी की कामासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी तोकोन चहाला टपकला. एर्मेक, आकेंचा मुलगा, समोरच जर्दाळूच्या मुरंब्यात बिया शोधत बसला होता.

"आके, माझ्या मित्राचं काम झालं का हो?"

"नाही झालं. मेली ती," आके म्हणाले. "माझ्याच्यानं होत नाही."

बुरुलच्या हातातला चमचा खाली पडला. तोकोन हसायला लागला, मग थांबला. "तुमच्याच्यानं? थट्टा करता काय!"

"कानानं बहिरा आहेस का? होत नाही म्हटलं ना!"

तोकोननं चहा अर्धाच टाकला. टॅक्सीवाला तो. संध्याकाळच्या आत मासळीबाजारात बातमी जाणार, एसेनकुल आकेंचा हात गेला म्हणून. उद्यापासून रांग मोबाइलच्या दुकानासमोर लागणार.

तोकोन गेल्यावर एर्मेकनं मुरंब्याची वाटी बाजूला सारली. एकदा त्यानं नानच्या चळतीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग उठून वडिलांजवळ आला आणि त्यांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

"जाऊ द्या आके, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की हात कापतातच."

आकेंनी चहाची वाटी उचलली आणि मुद्दाम थोडी थरथरवली. चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडला. कुंदुझनं मान वर न करता तो पुसून घेतला.