पुढचा सवाल

सत्तरच्या दशकात मी अंबडच्या शाळेत शिकवायचो आणि वडीगोद्रीहून रोज एसटीनं जायचो. थांब्यावर एक तरुण भेटायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दोन दिवसांपूर्वीच्या इंग्रजी पेपरातले शेअरचे भाव वाचताना त्याचा पाय सारखा हलायचा. कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या मुंबईच्या एका बँकेत त्याला लागायचं होतं. मुलाखतीचे प्रश्न तो मलाच विचारायला लावी.

एकदा तो आठवडाभर दिसला नाही. आला तेव्हा डोळे तांबारलेले होते.

“झाली मुलाखत?”

“झाली, सर. बँकेतच का यायचं, म्हणले. म्या म्हणलं, पैसा कुठं धाडायचा हे जिथं ठरतं, तिथं बसायचंय मला. आमच्याकडं तो कधी आलाच न्हाई. सगळे हसले.”

“मग?”

“एक जण हसला न्हाई. ‘तुमच्याकडे कोणता कारखाना चालेल?’ असा सवाल केला त्यानं. मला बिलकुल सांगता आलं न्हाई. घेतलं न्हाई त्यांनी.”

तेवढ्यात एसटी आली. मी चढलो, तो खालीच राहिला.

“तुम्ही व्हा पुढं, सर. मी कापसाच्या जिनिंगवर जाऊन राह्यलो. सरकीचं पुढं काय करतेत, ते विचारतो.”

मुलांकडून उत्तरं पाठ करून घेणारा मी, खिडकीतून त्याला भराभरा जाताना बघत राहिलो.