भावोजींची आगपेटी

पाहुण्याच्या तोंडाआधी त्याच्या गाडीचे टायर पाहणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. मुलुंडच्या त्यांच्या घरासमोर गाडी थांबली, की भावोजी धोतर सावरत चाकापाशी उकिडवे बसायचे. पाहुणा बिचारा हात जोडून उभा. भावोजींनी जन्मात विडी ओढली नाही, पण आगपेटी कायम खिशात. काडी गुलाकडून टायरच्या खाचेत घालायची. गूल बुडालं तर टायर धडधाकट, वर डोकावलं तर त्या माणसाचं काही खरं नाही. शेजाऱ्याने एकदा स्टोव्हसाठी काडी मागितली, तर ‘ही टायरची आहे’ म्हणून त्याला ताईकडे पिटाळलं. खोकला दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरांनाच त्यांचं पुढचं चाक तिरकं चालतंय म्हणून सांगून आले. खोकल्याचं सांगायचं राहिलं. स्वतःची जुनी गाडी मात्र फक्त रविवारी ठाण्याच्या तळ्यापर्यंत, तीही सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत.

माझ्या भाचीला नाशिकचं सासर मिळालं. पाठवणीच्या वेळी झेंडूने सजलेल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायला भावोजी वाकले, ते वर येईनातच. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. व्याही म्हणाले, याच टायरांवर आलो, याच टायरांवर जाऊ. त्यांचा आवाज चढला, मांडवात कुजबुज सुरू झाली. वरपक्ष दुखावला तर पोरीला जन्मभर टोमणे. ताईने मला डोळ्यांनीच विनवलं, आवर यांना. मी भावोजींचा दंड धरला.

‘‘अरे, पुढे कसाऱ्याचा घाट आहे,’’ ते हळूच म्हणाले. मग उठून त्यांनी व्याह्यांपुढे हात जोडले. ‘‘मानपानात एक वस्तू द्यायची राहिली होती. तेवढी घ्या, नाही म्हणू नका.’’

सुदैवाने दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या. जरीकाठी उपरणं खांद्यावर टाकून भावोजींनी स्वतःच्या गाडीची मागची चाकं काढली. व्याही हसले आणि कोट काढून स्वतःच पाना धरायला बसले. मानपानात चाकं घेतलेला तो पहिलाच व्याही असावा.

गाडी आग्रा रोडला लागली. आत पंगत मांडली होती. ताई रडून मोकळी झाली होती. भावोजी मात्र ती गुळगुळीत चाकं न लावता विटांवर टेकवलेल्या स्वतःच्या गाडीच्या पायरीवर काळे हात घेऊन बसले होते, आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

‘‘गाडी थांबवणं काही आपल्या हातात नव्हतं रे,’’ ते म्हणाले. ‘‘टायर तेवढे होते.’’

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. आतून जेवायला हाका येत होत्या.