डिचोलीच्या केबलवरची दुपार

डिचोलीच्या बाजारात दुपारची जेवणं झाली की एकेक शटर असं सावकाश खाली येतं, जसे कुणाचे डोळेच मिटताहेत. मासळीच्या पाट्या उपड्या होतात, बसस्टँडवरची कुत्री सावली धरतात आणि घराघरांत माणसं माशाचं हुमण आणि भात जेवून, बोटांचा वास हुंगत चटईवर आडवी होतात. डिचोलीत त्या वेळी दोघीच जाग्या असतात असं लोक थट्टेनं म्हणत. एक नदी आणि दुसरी केबलवरची जानकी.

बाजारामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर कृष्णनाथबाबच्या केबलचं ऑफिस. तिथल्या मागच्या खोलीत जानकी कदेलावर, तिथल्या जुन्या खुर्चीवर, बसायची, पदर चापून घ्यायची आणि तीन पायांवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याकडे शेजारणीकडे बघावं तसं बघायची. मग म्हणायची, "जेवलात मा सगळी? बरां झाला. पडा आता. पडल्या पडल्या बघा."

आणि 'घरचो बाजार' हा वस्तू विकायचा कार्यक्रम सुरू व्हायचा. कधी नारळ खवायची आदोळी, कधी गाऊन, कधी पितळेची समई. जानकी वस्तू मांडीवर घेई, तिच्यावरून हात फिरवी आणि बोलत राही. घाई कसली ती नाहीच. एका समईबद्दल बोलता बोलता वात कशी वळावी, माहेरच्या देवळात ती कोण वळायचं, त्या बाईला कानानं ऐकू कसं यायचं नाही, असं करत करत पुन्हा समईवर यायची. कृष्णनाथबाब कॅमेरा चालू करून देत आणि घरी झोपायला जात. कुणी हटकलं तर म्हणत, "जानकीबाय बोलूंक लागली की म्हाका न्हीद येता. हातूंत म्हजो किदें गुन्यांव?"

जानकी मूळची सिंधुदुर्गातली, सातार्ड्याकडची. लग्न होऊन गोव्यात, डिचोलीजवळच्या मयेला आली. नवरा महादेव खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्या चाकांवर दोडकीचा वेल चढला, तेव्हा जानकी कृष्णनाथबाबकडे खोकी बांधायला लागली. एकदा मिक्सर दाखवायला पणजीहून येणारा माणूस आलाच नाही. कृष्णनाथबाब घामाघूम. शेवटी जानकीलाच बसवलं. हातातला छापील कागद तिनं बाजूला ठेवला, समोरच खोबरं वाटलं आणि सरळ सांगून टाकलं, "झाकण उडता हां. पण फडको धरून वाटलास तर वाटप लोण्यासारख्या." संध्याकाळपर्यंत ऑफिसातले सगळे मिक्सर गेले. तेव्हापासून तिचा नेमच झाला. वस्तू आधी घरी न्यायची, वापरायची, मगच लोकांना दाखवायची.

गंमत अशी की कार्यक्रम चालू असताना फोन कधी वाजायचा नाही. तो वाजायचा पोदेराचा भोंपू ऐकू आल्यावर. पाववाला सायकलवरून वाड्यावाड्यांत शिरला की लोक उठत, तोंड धूत, चहा ठेवत. आणि पाव चहात बुडवताना कुणाला तरी आठवे, अगो, त्या जानकीनं मघाशी काय दाखवलं ते?

जानकीला ते फोन आवडत. पण खरा जीव होता तो मधल्या शांत वेळात. बोलता बोलता तिला वाटे, आपण या खोलीत नाहीच. आपण त्या काळ्या वायरीत शिरलो आहोत. वायर खांबावरून खांबावर जाते, कुळागरातल्या माडांना घासते, मयेच्या तळ्यावरून वाकते, कुणाच्या जनेलातून आत शिरते. आत पंखा फिरतोय, कुणी बाळाला थोपटतंय, कुणी बाई अर्ध्या डोळ्यानं बघतेय. आणि ज्या जानकीला माहेरी 'गप बस गे' एवढंच ऐकायला मिळालं, तिचं बोलणं त्या घरात उदबत्तीच्या धुरासारखं पसरतंय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. महादेवालाही नाही.

मग कृष्णनाथबाबची पुतणी तनया पुण्याला शिकून परत आली. हुशार, तोंडाळ आणि मायाळू. केबलचं काम तिनं हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "जानकीमावशी, तुझी गिऱ्हाइकं म्हातारी झाली. तरुण माणसं टीव्ही लावतच नाहीत. फोनवर अंगठा चालतो त्यांचा. एका वस्तूवर डोळा किती थांबतो ठाऊक आहे?"

"किती?"

"शिंक येते तेवढा."

"मगे त्येंका दाखवूचा काय? तपकीर?"

तनया हसली, पण कृष्णनाथबाब हसले नाहीत. केबल काढून टाकणारी घरं रोज वाढत होती. ते म्हणाले, "चवथीमेरेन बघतां, जानकीबाय. तरणीं गिऱ्हायकां आयलीं तर तुझो बाजार चालू. नाजाल्यार त्या वेळार पिक्चरांचीं गाणीं घालतलों."

चतुर्थी फार लांब नव्हती. जानकी घरी गेली आणि चूल न पेटवता उंबऱ्यावर बसली. महादेवानं विचारलं तर म्हणाली, "डोक्यात वायर तुटल्यासारख्या वाटता." त्याला काही कळलं नाही. त्यानं तिच्यासाठी चहा केला.

तनयानं सगळं बदललं. कॅमेऱ्याशेजारी स्टँडवर एक फोन उभा केला, म्हणजे कार्यक्रम फोनवरही दिसेल. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ टाकलं. 'फक्त आत्ताच!' असं लाल अक्षरांत लिहिलं. घड्याळ संपलं की सवलत संपली, मागणीचा फोनही बंद. जानकीला भडक ओढणी दिली आणि भरभर बोलायला शिकवलं. ती बिचारी घरी पहाटे उठून चुलीसमोर घोकायची, "त्वरा करा, संधी दवडू नका," आणि महादेव आतून ओरडायचा, "अगो, कोणाची गाडी सुटता?"

फोन मात्र आता एकही येईना. म्हाताऱ्यांचेही थांबले. तनया कपाळावर आठी घालून म्हणायची, "अजून जोर लाव, मावशी."

असंच एका दुपारी दाखवायची होती वाकळ. पेडण्याकडच्या बायकांनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. नेमाप्रमाणे जानकीनं ती घरी नेऊन पांघरली होती. पण रात्री नीट झोप कुठली लागायला, डोक्यात ते घड्याळ चालू. तनया त्या दिवशी पणजीला गेलेली. कृष्णनाथबाब कॅमेरा आणि फोन दोन्ही चालू करून घरी गेले.

'त्वरा करा' म्हणायचं ते खोलीत एकटीच असल्यामुळे जानकीच्या तोंडून बाहेरच पडेना. तिनं ओढणी काढून ठेवली. मेजावर वाकळ पसरली. "ही बघा," ती जुन्या चालीत म्हणाली, "हो तुकडो कोणाच्या तरी लग्नातलो असतलो. ह्यो बघा, ह्यो रोजच्या वापराचो. इरललो हा. इरललाच जास्त मऊ लागता." एकेका तुकड्यावरून बोट फिरत होतं, आवाज खाली खाली येत होता. "नुसतो हात लावून कळूचा नाय. गाल टेकवून बघूक होयो," असं म्हणून तिनं गाल टेकवला.

आणि झोपली.

डिचोलीभर टीव्हीवर एक बाई मेजावर डोकं ठेवून झोपलेली दिसत होती. वर पंखा. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. कुठेतरी भारद्वाज घुमत होता. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं चालत चालत शून्यावर येऊन थांबलं. तिला जाग आली ती पोदेराच्या भोंपूनं. डोळे उघडले तर समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा.

कृष्णनाथबाब जिना चढून आले ते बनियनवरच. "हें किदें केलें तुवें? आख्ख्या गांवाक न्हीद दाखयली?" वाकळेची घडी घालून जानकी निघून गेली. चतुर्थीपर्यंत थांबायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला गाणी लागली.

मयेत तर थट्टेला ऊत आला. विहिरीवर कुणी विचारी, "काय गे जानके, वाकळ विकलंस की न्हीद?" ती हसून घागर उचलायची. पण दुपार झाली की तिला घरात बसवेना. अंगणातल्या वायरीखाली उभी राहायची, वर बघायची. वायर होती तिथेच होती. तिच्यातून आता कोण जातंय, कुणास ठाऊक.

अशीच उभी असताना तनयाची स्कूटर अंगणात शिरली.

"मावशी, ऑफिसात फोनवर फोन येताहेत. 'ती झोपलेली मावशी कुठे गेली?' म्हणून. आणि सगळी तरुण मुलं आहेत!"

"हसाक फोन करतत गो."

"हसू देत. काकांना मी तयार केलंय. तू ये आणि पुन्हा तशीच झोप. रोज. वाकळ अंगावर घेऊन."

"झोप काय सांगान येता?"

"डोळे मिटून पड नुसती. कुणाला कळतंय?"

जानकीनं वर वायरीकडे बघितलं. खोटी वस्तू तिनं कधी दाखवली नव्हती. पण न गेलं तर तो वेळ कायमचा गाण्यांचा. ती पाय धुऊन आली आणि स्कूटरवर मागे बसली.

त्या दुपारी खोलीत तनया होती, कृष्णनाथबाबही घरी न जाता बसले होते. जानकीनं गालाखाली वाकळ घेतली आणि डोळे मिटले. पंख्याची कुरकुर ऐकू आली. कृष्णनाथबाबचा श्वास. आपल्याच पापण्या थरथरताहेत हे तिला कळत होतं. वायर आज बंद होती. ती कुठेही पोचत नव्हती, मेजावरच पडली होती.

तिनं डोळे उघडले.

"नाय ओ," ती कॅमेऱ्याला म्हणाली. "आज झोप नाय येत. त्या दिवशीची खरी होती. आजची खोटी. तुमका खोटी कित्याक दाखवू?"

तनयानं कपाळावर हात मारला. कृष्णनाथबाब उठून बटणाकडे निघाले. तेवढ्यात मेजावरचा फोन वाजला. कार्यक्रम चालू असताना. जानकीनं बिचकत तो उचलला, आणि पलीकडचा आवाज खोलीभर झाला.

"मावशी, साईश बोलतां, पेडण्याच्या कासारवर्ण्याचो. मोपाच्या विमानतळार रातपाळी करतां. लोकांच्यो बॅगो चढवप, उतरवप."

"बोल रे, झिला."

"रात सगळी जागी. घरी येऊन पडलो की झोप येत नाही. बाहेर ऊन, गाड्या, डोक्यात विमानांचा आवाज. त्या दिवशी सहज फोनवर तुमचा कार्यक्रम लावला तर तुम्ही त्या वाकळीचे तुकडे सांगत होता. इरलेला जास्त मऊ लागतो, म्हणालात. तिथेच डोळा लागला. किती दिवसांनी! तुम्ही झोपलात हे तर मला मागीर मित्रांनी सांगितलं."

"म्हणजे? तू माझ्या आधी झोपलंस?"

"तर! आमच्या पाळीतली सगळीं तुमचेंच लावन पडटात आतां. तोच वाकळीचो कार्यक्रम परत परत. तुमी न्हिदूं नाकात, मावशी. तुमी बोलत रावात. न्हिदपाचें काम आमचें."

जानकी हसली. खूप दिवसांनी तोंडावर पदर घेऊन हसली. मग वाकळ पुढे ओढली आणि कडेचा एक निळा तुकडा बोटाखाली घेतला. "ह्यो बघ. ह्यो कोणीतरी शेतात नेसलेलो. ह्यो हिरवो ठिपको दिसता तुका? चिखलाचो नाय, पानाच्या रसाचो. धुऊन गेलो नाय तो..." आवाज पुन्हा खाली उतरला, वायरीत शिरला, डिचोली सोडून पेडण्याकडे निघाला. सांगता सांगता फोनमधून श्वास ऐकू येऊ लागला. लांब, सावकाश, भरतीच्या पाण्यासारखा. मुलगा झोपला होता. जानकीनं फोन ठेवला नाही. आवाज मात्र आणखी खाली आणला.

कार्यक्रम संपल्यावर कृष्णनाथबाब कुजबुजतच बोलले, जणू साईश अजून खोलीतच झोपलाय. "सगळें बरें. पूण न्हिदल्ल्या गिऱ्हायकान विकतें घेवप कशें?"

"उठल्यावर," जानकी म्हणाली. "पयल्यापासून उठल्यावरच घेतत. तनयाच्या घड्याळान त्येंका उठाकच दिला नाय."

तनयानं तिच्याकडे बघितलं, पडद्याच्या कोपऱ्यात थांबलेल्या शून्याकडे बघितलं आणि ते घड्याळ पुसून टाकलं. मागणीचा फोन त्या दिवशी चालू राहिला. चहाच्या वेळेला साईशनं वाकळ मागवली. मग त्याच पाळीतल्या एका मुलीनं, मग तुयेच्या कारखान्यात रातपाळी करणाऱ्या दोघांनी. पेडण्याच्या बायकांना निरोप गेला, शिवायला बसा. जुन्या माणसांचेही फोन परत सुरू झाले. एका आजीनं तर मधल्या त्या घाईच्या बोलण्याबद्दल रागानं विचारलं, "इतले दीस किदें गो तें, गाडी सुटिल्ले वरी उलयतालें?"

चतुर्थीच्या आधी कृष्णनाथबाबनी आपण होऊन सांगितलं. दुपारचा बाजार राहील, आणि सकाळीही एक वेळ करायची, रातपाळीहून परत येणाऱ्यांसाठी. गाणी मग लागलीच तर इतर वेळी.

पहिल्या सकाळी जानकी आली तेव्हा बाजार ऐन रंगात होता. मासळीवाल्या ओरडत होत्या, बसवाला "म्हापसा, म्हापसा" करत होता, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं उतरवणाऱ्यांची हुज्जत चालली होती. तिकडे पेडण्यात मुलं गणवेश काढून, डोळे चोळत पांघरुणात शिरत असतील. जानकीनं उठून जनेल ओढून घेतलं. आवाज लांब गेले, खोलीत मंद उजेड उरला. पंखा एक घर कमी केला. कदेलावर येऊन बसली, मांडीवर वेताची एक नवी टोपली घेतली, तिच्या कडेवरून तळवा फिरवला.

"इलात मा सगळी घराक?" तिनं विचारलं. "बरां. पडा आता."

आणि डिचोलीच्या भर सकाळी तिनं दुपार केली.